[मंडळ-मेल, न्यू जर्सी] विषय: वरच्या बाथरूममधला कुबट वास

प्रेषक: एडिसनकर

नमस्कार मंडळी,

वरच्या मजल्यावरची हॉल बाथरूम, 5 बाय 8 फूट, खिडकी नाही, टब आहे. घर ऐंशीच्या दशकातलं. एरवी ही बाथरूम फारशी वापरात नसते, आई-बाबा आले की तेच वापरतात. रात्रभर दार बंद राहिलं की सकाळी उघडताच कुबट वासाचा भपकारा येतो. टब, फरशी, कमोड सगळं घासून झालं, ड्रेनमध्ये ब्लीच ओतलं, कोपऱ्यात कापूर ठेवला. दोन दिवस बरं वाटतं, मग ये रे माझ्या मागल्या. आई-बाबा जुलैच्या सुरुवातीला येतायत. प्लंबरला बोलावण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

---

प्रेषक: पार्सिपनीकर

एडिसनकर,

आधी कापूर उचला आणि ब्लीच बंद करा. नाकाला खरा वास कळला पाहिजे. गटारासारखा वास वेगळा, कुजलेल्या अंड्यांचा वेगळा आणि ओल्या पोत्यासारखा कुबट वेगळा. पहिला पाइपमधून येतो. दुसरा फक्त गरम पाण्याला येत असेल तर वॉटर हीटरचं प्रकरण आहे, बाथरूमचं नाहीच: गरम आणि थंड पाणी दोन ग्लासांत भरून दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगा, लगेच कळेल. तिसरा वास म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय किंवा साचून राहतंय.

जागा शोधायची युक्ती अशी. रात्री झोपताना बेसिनचं ड्रेन, बेसिनच्या वरच्या कडेखालचं ओव्हरफ्लोचं भोक, टबचं ड्रेन आणि टबच्या ओव्हरफ्लोची गोल पट्टी, हे सगळं प्लॅस्टिक आणि रुंद टेपने वेगवेगळं झाका. बेसिनखालच्या कपाटाचं दार घट्ट बंद. बाथमॅट, टॉवेल, शॉवरचा पडदा आणि कमोडचा ब्रश स्टँडसकट खोलीबाहेर. सकाळी दार उघडल्यावर वास नसेल, तर झाकलेल्यांपैकी किंवा बाहेर काढलेल्यांपैकी कुणीतरी चोर आहे. एकेक टेप काढून तिथेच हुंगा. झाकूनही वास तेवढाच असेल तर कमोडचा तळ, भिंत नाहीतर छतातला एक्झॉस्ट पंखा.

वापर कमी आहे म्हणता, तर आधी ट्रॅप बघा. बेसिन आणि टबच्या खालच्या वाकड्या पाइपात दोन ते चार इंच पाणी कायम उभं असायला हवं, तेच गटारातली हवा अडवतं. बाथरूम महिनाभर बंद राहिली की ते आटतं, हिवाळ्यात हीटिंगच्या कोरड्या हवेत आणखी लवकर. दर दोन आठवड्यांनी प्रत्येक ड्रेनमध्ये लिटरभर पाणी ओता आणि कमोड एकदा फ्लश करा. दोन महिने भारतात जाणार असाल तर पाण्यावर दोन मोठे चमचे मिनरल ऑइल सोडा, पाणी उडत नाही. स्वयंपाकाचं तेल नको, ते खवट होऊन स्वतःच वास मारतं. पाणी ओतूनही ट्रॅप रिकामा होत असेल आणि फ्लश केल्यावर टबात गुडगुड आवाज येत असेल, तर छतावरचा व्हेंट पाइप (ड्रेनच्या पाइपांत हवा खेळती ठेवणारा) बहुधा तुंबलेला आहे. पानं, पक्ष्यांची घरटी, काहीही असतं. त्यासाठी मात्र शिडी न लावता प्लंबरच बोलवा.

माझा पहिला संशय मात्र बेसिनच्या ओव्हरफ्लोवर. चिनीमातीच्या आत एक पोकळ वाट असते, तिच्यातून कधीच जोरात पाणी जात नाही. टूथपेस्ट, साबण, तेलकट थर आत बसतो आणि त्यावर बुळबुळीत काळा लेप चढतो. ड्रेनमध्ये ओतलेलं ब्लीच तिथे पोचतच नाही, म्हणून तुम्हाला दोनच दिवस बरं वाटलं. बाटली धुवायचा लवचीक बारीक ब्रश भांड्यांच्या साबणात बुडवून त्या भोकातून वर-खाली फिरवा, मग छोटं नरसाळं लावून नळाचं गरम पाणी दोन-तीन लिटर सोडा. उकळतं नको, बेसिनला तडा जाऊ शकतो. घासून झाल्यावर वाटलं तर ब्लीच, गॅलनभर पाण्यात फार तर एक कप, दहा मिनिटं. त्या दिवशी तिथे व्हिनेगर, अमोनिया किंवा कमोडचं ॲसिड चुकूनही नको, विषारी वायू होतो.

मग बेसिनचं वर-खाली होणारं झाकण काढा. खाली पाइपच्या मागच्या बाजूला आडवी दांडी शिरलेली दिसेल. खाली बादली ठेवा, तिची नट हाताने सोडवा, दांडी इंचभर मागे ओढा, झाकण वरून उचललं जाईल. त्याला चिकटलेला केसांचा काळा गोळा बघून जेवण जात नाही, पण वास बहुतेक वेळा त्याचाच असतो. परत बसवताना दांडीवरचा चेंडूसारखा गोल भाग आणि वॉशर आधी होते त्याच क्रमाने. नट हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बस्स. मग बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. एक थेंब जरी लागला तरी कपाटाचा तळ महिन्यात फुगेल.

---

प्रेषक: प्लेन्सबरोकर

एवढा खटाटोप कशाला? बेसिनच्या जाळीत दोन डांबरगोळ्या टाका आणि समोरच्या बेडरूमची खिडकी दिवसभर उघडी ठेवा. गावाकडे सगळे हेच करतात.

---

प्रेषक: मेटुचेनकर

प्लेन्सबरोकर, रागावू नका, पण दोन्ही नको.

डांबरगोळ्या म्हणजे कीटकनाशक. इथे अमेरिकेत लेबलवर लिहिलंय त्याशिवाय वापरणं कायद्याने मना आहे, आणि लेबलवर हवाबंद पेटी म्हणतात, बेसिन नाही. बिनखिडकीच्या खोलीत ती वाफ कोंडून राहते. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या लहान मुलांच्या रक्तातल्या लाल पेशी नॅफ्थलीनने फुटू शकतात. शिवाय मूळ वास तसाच राहतो, वर एक नवा चढतो.

खिडकीचं गणित पुण्याच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत ठीक आहे. जर्सीत जुलैला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) 70 अंश फॅरनहाइटवर सहज जातो. ती हवा 75 अंशांच्या एसीच्या खोलीत घेतली की आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास जाते. वाळवायला खिडकी उघडली आणि घर भिजवलं, असं होतं. मे किंवा ऑक्टोबरमध्ये खुशाल उघडा.

एडिसनकर, तुमच्या पंख्याबद्दल कुणी विचारलंच नाही. टॉयलेट पेपरचा एक पदर जाळीला लावा. पंखा चालू असताना चिकटून राहिला पाहिजे. पडला तर पंखा नुसता आवाज करतोय. 40 चौरस फुटांना किमान 50 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा ओढणारा) पंखा लागतो, पण वळणावळणाच्या डक्टमधून, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळीतून, जाताना तो निम्म्यावरही येऊ शकतो, म्हणून मी 80 चाच सांगेन. जुन्या घरांत 3 इंची डक्ट असते, ती 4 इंची केली तरच नव्या पंख्याचा उपयोग.

आधी ब्रेकर बंद करून जाळी काढा आणि धुळीचा नमदा व्हॅक्यूम करा. मग ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) जाऊन डक्ट शेवटपर्यंत बघा. चार गोष्टी हटकून सापडतात. डक्ट ॲटिकमध्येच मोकळी सोडलेली, म्हणजे सगळी वाफ छताच्या लाकडावर. डक्ट छज्ज्याखाली काढलेली, तिथून निघालेली वाफ शेजारच्याच जाळीतून परत आत ओढली जाते. पंख्याच्या तोंडाशी असलेली झडप कारखान्यातून टेप लावून येते, ती टेप बसवणाऱ्याने काढलेलीच नसते. आणि डक्टला इन्सुलेशन नाही, त्यामुळे हिवाळ्यात वाफेचं पाणी होऊन उलटं पंख्यात गळतं. जाळीच्या कडेला तपकिरी डाग असतील तर हेच. कुबट वास वरून येतो आणि लोक खाली फरशी घासत बसतात. डक्टवर आर-8 चं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) इन्सुलेशन घाला आणि तिला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या.

आणखी एक: पंखा हवा ओढणार कुठून? दाराखाली पाऊण इंच फट नसेल तर बंद दाराआड पंखा घुसमटतो. जाड पायपुसणं दाराशी टाकलं की तेच होतं.

अंघोळीनंतर पंखा किमान 20 ते 30 मिनिटं चालला पाहिजे. आई-बाबा बाहेर येताना सगळी बटणं बंद करणारच, वीज जाळणं त्यांना बघवत नाही. म्हणून टायमरचं बटण बसवा. घेताना न्यूट्रल वायर लागते का ते पाकिटावर बघा, जुन्या घरांच्या बटणाच्या डबीत ती बऱ्याचदा नसते.

---

प्रेषक: एडिसनकर

सगळ्यांचे आभार. टेपची परीक्षा केली. बेसिनच्या ओव्हरफ्लोला वास होता, तो घासल्यावर गेला. पेपर जाळीला चिकटत नाही. आणि कमोडवर बसून डावीकडे झुकलं की किंचित हलतं, मागच्या बाजूला अजून कुबट येतो. मागे जेट स्प्रे लावलेला आहे. खालच्या डायनिंगच्या छताला डाग नाही.

---

प्रेषक: ब्रिजवॉटरकर वहिनी

भाऊजी, हलणारं कमोड आणि जेट स्प्रे, आपल्या लोकांच्या घरातली ठरलेली जोडी. आधी स्प्रे बघा, ते काम सोपं आहे.

भिंतीतल्या झडपेपासून टाकीपर्यंतच्या प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू रात्रभर ठेवा. टाकीखालचा 7/8 इंची जोड बहुतेक प्लॅस्टिकचा असतो. तिथे सील रबरी वॉशर करतो, टेफ्लॉन टेप नाही. टेप गुंडाळून पान्याने आवळला की नटला केसासारखी चीर जाते आणि थेंब-थेंब सुरू. हातानेच आवळायचा. आणि वापर झाल्यावर टी-वाल्वचा (स्प्रेला पाण्याचा फाटा देणाऱ्या झडपेचा) खटका दर वेळी बंद. बहुतेक स्प्रेची नळी कायम दाबाखाली ठेवण्यासाठी बनवलेली नसते. पाहुण्यांसाठी खटक्याजवळ मराठीत चिठ्ठी चिकटवा.

जोड कोरडे आणि तरीही टाकीचा बाहेरचा तळ ओला असेल, तर तो टाकीला आलेला घाम. उन्हाळ्यात दमट हवा थंड टाकीवर ठरते आणि मागून फरशीवर उतरते. पंखा सुधारला की कमी होतो.

आता हलण्याचं. हलणाऱ्या कमोडखालची मेणाची रिंग, म्हणजे कमोड आणि पाइपमधला सांधा बंद करणारी, बहुतेक फाटलेली असते. मेण एकदा दबलं की परत फुगत नाही. पाणी बाहेर आलं नाही तरी गटारातली हवा येते, त्यामुळे खालच्या छतावर डाग नसणं हा पुरावा नव्हे. नुसते बोल्ट आवळून प्रश्न सुटत नाही, जास्त आवळलं तर चिनीमाती तडकते.

रिंग पाच-दहा डॉलरची, काम दोघांचं. पाणी बंद करा, फ्लश करा, टाकी आणि भांड्यातलं उरलेलं पाणी स्पंजने टिपा. नट काढून कमोड हलवत सरळ वर उचला आणि जुन्या चादरीवर ठेवा. पाइपात फडकं कोंबा, नाहीतर डायनिंगपर्यंत वास जाईल. जुनं मेण पूर्ण खरवडा. मग फ्लँज (पाइपाच्या तोंडाची कडी, जिला कमोडचे बोल्ट बसतात) बघा: फरशीच्या वर पाव इंच असायला हवी. कुणी जुन्या फरशीवर नवी टाइल घातली असेल तर ती खाली गेलेली असते, आणि साधी रिंग पोचतच नाही. तेव्हा जाड रिंग किंवा फ्लँजवर बसणारी चकती लागते. फ्लँजभोवतीचं लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक आत रुतलं तर तिथेच थांबा आणि सुताराला दाखवा, कुजलेल्या लाकडावर नवी रिंग टिकत नाही.

फडकं काढा (हे विसरणारे आहेत), रिंग ठेवा, कमोड बोल्टांच्या रेषेत सरळ खाली उतरवा. एकदा टेकलं की परत उचलायचं नाही, उचललं तर नवी रिंग. सावकाश वजन द्या, नट आलटून-पालटून पाव-पाव फेरा. अजून हलत असेल तर प्लॅस्टिकच्या पाचरी सारून बाहेरचा भाग कापा. शेवटी पुढून आणि बाजूंनी सिलिकॉन, मागे दोन-तीन इंच मोकळं. पुढे कधी गळलं तर तिथून दिसेल, सगळं बंद केलं तर पाणी आतल्या आत लाकूड खाईल.

बादली-मगाबद्दलही आई-बाबांना आधीच सांगा. इथे फरशीला जाळी नसते आणि खाली प्लायवूड असतं. बादली टबात, अंघोळ टबात, पडदा टबाच्या आत. दिवाळीपर्यंत राहणार असतील तर अभ्यंगस्नानाआधी ड्रेनवर केस अडवणारी जाळी बसवा. तेल आणि उटणं मिळून पाइपात जो लगदा होतो तो पुढे महिनाभर वास मारतो.

---

प्रेषक: मेटुचेनकर

वहिनींच्या मेलला जोडून: कमोड उचललेलं असेल तेव्हाच लाकडाची ओल मोजून घ्या, पुन्हा संधी नाही. 15 टक्क्यांच्या आत असेल तर बसवा. 20 च्या वर असेल तर पाइप बंद ठेवून दोन-तीन दिवस टेबलफॅन लावून वाळवा आणि परत मोजा. पिनांचं मीटर माझ्याकडे आहे, शनिवारी मराठी शाळेत आणतो. त्याला 9 व्होल्टची बॅटरी लागते, ती तुम्ही आणा, आतली संपलेली आहे.