सर्व्हे म्हणजे फक्त मोजणी नव्हे
सर्व्हे म्हणजे जमिनीची मोजणी, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. जहाजाचा सांगाडा तपासणारा किंवा विम्यासाठी नुकसान ठरवणारा सर्व्हेअर पाहणी करतो, लोकांची मतं गोळा करणारा सर्वेक्षण. जमिनीवर मात्र मोजणीच, आणि तिथे चूक लपत नाही. (लपते, पण शेवटच्या बिंदूवर हिशेब जुळवेपर्यंतच.)

अंतर मोजायच्या साखळीचंच घ्या. 30 मीटरची साखळी वापरून वापरून 3 सेंटिमीटर लांबली, तर 300 मीटर भरलेलं अंतर प्रत्यक्षात 300.30 असतं. साखळी लांब, तर माप कमी. इथे भलेभले गडबडतात आणि दुरुस्ती मिळवायच्या ऐवजी वजा करून बसतात.

लेव्हलिंगमध्ये, म्हणजे उंचीतला फरक मोजताना, बॅकसाइट (मागच्या बिंदूवरचं वाचन) आणि फोरसाइट (पुढच्या बिंदूवरचं वाचन) यांची उपकरणापासूनची अंतरं सारखी ठेवा. दुर्बिणीची दृष्टिरेषा किंचित तिरकी असली, तरी दोन्हीकडे चूक तेवढीच येते आणि वजाबाकीत उडते. पृथ्वीच्या वक्रतेचंही तसंच. अपवर्तन (हवेतून जाताना प्रकाशाचं वाकणं) धरून ही चूक 1 किलोमीटरला साधारण 6.7 सेंटिमीटर भरते, पण अंतराच्या वर्गाने वाढत असल्याने 100 मीटरला एक मिलिमीटरही नाही. स्टाफ (बिंदूवर उभी धरायची आकडे असलेली पट्टी) पुढेमागे कलला की वाचन जास्त येतं, म्हणून तो हळूच झुलवून सर्वांत कमी आकडा लिहायचा.