मदत हवी आहे: सोयाबीन खरेदीवर तारांकित प्रश्न की लक्षवेधी सूचना?

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याचे आमदार सोयाबीन खरेदीचा विषय नागपूर अधिवेशनात मांडायला तयार आहेत, पण मुद्दे लिहून द्या म्हणाले. आता लिहायचं कसं?

2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत, आणि व्यापारी त्याच मालाला पडेल भाव देतो. 2024 मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत नेली होती, म्हणजे सूट देता येते. पण राज्याच्या मंत्र्यांना थेट विचारलं तर 'हा केंद्राचा विषय' म्हणून ते मोकळे होणार. म्हणून प्रश्न राज्याच्या हातातल्या गोष्टींवर ठेवावा असं मला वाटतं: बारदाना, खरेदी केंद्रांची संख्या, चुकारे (विकलेल्या मालाचे पैसे), आणि केंद्र सरकारकडे ओलाव्याच्या सवलतीसाठी पत्र कधी पाठवलं.

तारांकित प्रश्नाला (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) बरीच आधी सूचना द्यावी लागते, शिवाय यादीत खाली गेला तर चर्चाच होत नाही. मग लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) बरी का? प्रश्नातल्या ठरलेल्या 'हे खरे आहे काय' ची भाषा कशी ठेवावी, की 'प्रश्न उद्भवत नाही' असं छापील उत्तर येणार नाही? कुणी आमदारांकडे स्वीय सहायक म्हणून काम केलं असेल तर नमुना टाका.