काट्याचा डेटाबेस आणि चुकाऱ्याचा डेटाबेस जुळत नाही, व्यवहार दोन्हीकडे पक्का कसा करावा?

कापूसकाटा (हिंगणघाट)
जिनिंगवर दोन डेटाबेस आहेत. काट्यावरच्या कॉम्प्युटरवर पोस्टग्रेस, त्यात गाडी, भरलेलं वजन, रिकामं वजन. शेतकऱ्यांचे चुकारे शहरातल्या ऑफिसच्या मायएस्क्यूएलमध्ये. प्रोग्राम आधी इकडे कमिट करतो (नोंद कायमची पक्की करतो), मग तिकडे. मधेच लाईन गेली किंवा नेट तुटलं की पावती असते, चुकारा नसतो. ऑपरेटरने परत बटण दाबलं की एका पावतीचे दोन चुकारे. टू-फेज कमिट, म्हणजे आधी दोन्ही डेटाबेसांचा होकार घेऊन मग दोन्हीकडे पक्कं करणं, लावावं का?

व्हॅक्यूम (आर्वी)
भाऊ, लावता येतं, पण तुमच्या जागी लावू नका. पोस्टग्रेसमध्ये 'मॅक्स प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स' हे सेटिंग मुळात ० असतं, ते वाढवून सर्व्हर रिस्टार्ट करायचा. मग इकडे 'प्रिपेअर ट्रान्झॅक्शन', तिकडे 'एक्सए प्रिपेअर', दोघांचा होकार आला की दोन्हीकडे कमिट.

घोळ होकारानंतर होतो. होकार दिलेल्या डेटाबेसला स्वतःहून मागे फिरता येत नाही. तेवढ्यात नेट गेलं तर मायएस्क्यूएल त्या शेतकऱ्याच्या खात्याची ओळ लॉक करून बसतो, नेट चार तास नसेल तर चार तास. पोस्टग्रेसमध्ये लटकलेली ट्रान्झॅक्शन रिस्टार्टनेही जात नाही आणि व्हॅक्यूमला (जुन्या, निकामी ओळी साफ करण्याच्या कामाला) अडवते, टेबल फुगत जातं. शिवाय कमिट ठरलं की रोलबॅक (काम मागे फिरवणं), हे मधल्या प्रोग्रामने डिस्कवर लिहून ठेवलंच पाहिजे. मायएस्क्यूएल ५.७.७ च्या आधीचा असेल तर विचारच सोडा, कनेक्शन तुटताच तो होकार दिलेलं कामही रोलबॅक करतो.

जावक_आवक (दारव्हा)
एका बटणावर दोन डेटाबेसांत लिहिणंच बंद करा. पोस्टग्रेसमध्ये 'जावक' नावाचं टेबल करा. वजनाची नोंद आणि जावकातली ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जाऊ द्या: दोन्ही राहतील, नाहीतर एकही नाही. ओळीत यूयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळख क्रमांक), पावती क्रमांक, शेतकरी कोड, किलो, दर आणि रक्कम. समजा १८ क्विंटल ४० किलो, दर ७,२०० रुपये, तर १,३२,४८० रुपये इथेच लिहून टाका. तिकडे पुन्हा हिशेब नको, मधल्या वेळात दर बदलतो.

वेगळा छोटा प्रोग्राम दर ५ सेकंदांनी न पाठवलेल्या ओळी उचलेल, मायएस्क्यूएलमध्ये टाकेल, तिथलं कमिट झाल्यावरच इकडे 'पाठवलं' अशी खूण करेल. खूण करण्याआधी लाईन गेली तर तीच ओळ परत जाईल. म्हणून चुकाऱ्याच्या टेबलात यूयूआयडीवर युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारी अट) हवीच. दुसऱ्यांदा १०६२ एरर ('ही नोंद आधीच आहे') येईल, तेव्हा आधीची रक्कम तपासा. तीच असेल तर 'पाठवलं' समजा. 'इन्सर्ट इग्नोर' वापरू नका, तो बाकीच्या चुकाही नुसत्या वॉर्निंगवर सोडून देतो.

यूयूआयडी गाडी काट्यावर नोंदवतानाच तयार करा. बटण दाबल्यावर केला तर दुसऱ्यांदा दाबल्यावर नवा होईल आणि सगळी मेहनत वाया.

कापूसकाटा (हिंगणघाट)
'शेवटचा पाठवलेला आयडी लक्षात ठेवून त्याच्या पुढच्या ओळी घे' असं केलं तर चालेल? आणि ओलाव्यामुळे माल परत गेला तर पावती रद्द कशी करायची?

व्हॅक्यूम (आर्वी)
नाही चालणार. आयडी ओळ टाकताना मिळतो, कमिटच्या क्रमाने नाही. १०१ आधी कमिट झाली आणि १०० मागाहून, तर १०० कायमची सुटते. ज्यावर 'पाठवलं' नाही ती प्रत्येक ओळ उचला, 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' लावून (म्हणजे उचललेली ओळ लॉक होते आणि दुसऱ्याने लॉक केलेली वगळली जाते).

आणि विजेचं पाहा: मायएस्क्यूएलमध्ये 'इनोडीबी फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट' हे सेटिंग १ च असू द्या, म्हणजे प्रत्येक कमिट लगेच डिस्कवर उतरतं. वेगासाठी कोणी २ केलं असेल तर वीज जाताच शेवटच्या सेकंदाभरातले चुकारे उडू शकतात, आणि इकडे मात्र 'पाठवलं' अशी खूण राहते. हा फरक कोणत्याही एररमध्ये दिसत नाही.

जावक_आवक (दारव्हा)
रद्द करताना डिलीट नको. जावकात नव्या यूयूआयडीने उलट नोंद पाठवा, मूळ यूयूआयडी सोबत. ती आधी पोचली तर थांबवून ठेवा, मूळ आल्यावर लावा. चुकारा बँकेकडे गेलेला असेल तर उलट नोंद आपोआप लागू देऊ नका, ती माणसाच्या मंजुरीला टाका.

काटा बंद झाल्यावर रोज दोन्हीकडून तारखेप्रमाणे पावत्यांची संख्या, किलो आणि रक्कम काढून ताडून पाहा. तारीख काट्यावरची धरा, नाहीतर रात्री बारानंतर पोचलेल्या ओळी उगाच फरक दाखवतात.