मदत हवी आहे: अमेरिकेतील शटडाउनमध्ये उपकंत्राटदार कंपनीने पगाराचे आणि थांबलेल्या कामाच्या खर्चाचे नियोजन कसे करावे?

नमस्कार मंडळी,

मी उत्तर व्हर्जिनियातील एका लहान माहिती तंत्रज्ञान कंपनीत प्रकल्प आणि मनुष्यबळ अशा दोन्ही बाजू सांभाळते. आमचे बहुतेक काम फेडरल सरकारच्या संस्थांसाठी असते, परंतु ते आम्हाला थेट मिळत नाही; एका मोठ्या मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली उपकंत्राटदार म्हणून आम्ही ते करतो. 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर 2025 या 43 दिवसांच्या शटडाउनमधून (खर्चाला मंजुरी न मिळाल्यामुळे सरकारी कामकाज बंद पडण्यातून) कंपनी कशीबशी तरली. आता पुढच्या वेळेसाठी लेखी धोरण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. येथे वॉशिंग्टन परिसरात फेडरल कंत्राटांवर वर्षानुवर्षे काम केलेले सभासद आहेत आणि सरकारी खात्यांच्या आतून हा कारभार पाहिलेलेही काही जण आहेत, म्हणून आपला अनुभव मागते आहे.

ज्यांचा या व्यवस्थेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. फेडरल आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि त्याआधी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, खर्चाची 12 विधेयके मंजूर करणे अपेक्षित असते. सध्याची पद्धत अमलात आल्यापासून ती सगळी विधेयके वेळेवर मंजूर झाली ती केवळ 1977, 1989, 1995 आणि 1997 या चार आर्थिक वर्षांसाठी. एरवी तात्पुरत्या ठरावांवर गाडा चालतो, आणि त्या काळात जुन्याच दराने खर्च करता येत असला तरी नवीन कामे सुरू करण्यास सहसा परवानगी नसते. तात्पुरता ठरावही झाला नाही तर, ज्याची मुळे एकोणिसाव्या शतकापर्यंत जातात तो अँटिडेफिशियन्सी कायदा आड येतो, कारण मंजुरीविना सरकारच्या नावावर देणे निर्माण करण्यास त्यात मनाई आहे. पूर्वी अशा खंडातही कार्यालये काटकसरीने चालू राहत असत. 1980 मध्ये तेव्हाचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा काटेकोर अर्थ लावल्यावर कार्यालये बंद करण्याची प्रथा पडली. मंजुरी नसलेल्या कामांपैकी प्रामुख्याने जीवित आणि मालमत्ता यांच्या संरक्षणासाठी लागणारी कामे चालू राहतात.

सरकारी कर्मचारी आणि कंत्राटी कर्मचारी यांच्यातील अंतर येथूनच सुरू होते. डिसेंबर 2018 ते जानेवारी 2019 हा 35 दिवसांचा शटडाउन चालू असतानाच एक कायदा झाला आणि फेडरल कर्मचाऱ्यांना काम सुरू झाल्यावर मागचा पगार देणे बंधनकारक झाले. त्याच इमारतीत, शेजारच्या खुर्चीवर बसून तेच काम करणाऱ्या कंत्राटी माणसासाठी असा कायदा नाही. सिनेटर टीना स्मिथ यांनी 2019 पासून कमी वेतनाच्या कंत्राटी कामगारांना भरपाई देणारे विधेयक मांडले आहे, परंतु त्याचा कायदा झालेला नाही. सफाई कामगार, पहारेकरी, उपाहारगृहातील लोक यांचे बुडालेले आठवडे बुडालेलेच राहतात. फेडरल सरकारने 2023 या आर्थिक वर्षात कंत्राटांवर सुमारे 759 अब्ज डॉलर खर्च केले. एवढा कारभार ज्यांच्या हातून चालतो, त्यांच्या पगाराचा प्रश्न प्रत्येक वेळी कंपनीच्या मर्जीवर आणि बँकेच्या उसनवारीवर सोडला जावा, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते.

आता आमची अडचण सांगते. आमची माणसे आरोग्यविषयक आकडेवारी हाताळणाऱ्या एका सरकारी संस्थेच्या दोन कामांवर होती. एका कामाचे पैसे आधीच्या वर्षाच्या तरतुदीतून कंत्राटावर बांधले गेले होते, त्यामुळे ते चालू राहू शकत होते. दुसऱ्याचे पैसे टप्प्याटप्प्याने येणार होते आणि पुढचा टप्पा ऑक्टोबरनंतरचा होता. कागदावर हे स्पष्ट होते. प्रत्यक्षात पहिल्या कामासाठी लागणारे सरकारी अधिकारीच बिनपगारी रजेवर गेल्यामुळे मंजुरी द्यायला कोणी उरले नाही आणि इमारतीचे प्रवेशपासही चालेनात. दुसऱ्या कामाबाबत मुख्य कंत्राटदाराच्या व्यवस्थापकाचा फोन आला की लोकांना घरी बसवा. नंतर त्याच अर्थाचा दोन ओळींचा ईमेल आला. 'स्टॉप वर्क ऑर्डर' म्हणतात तसा विधिवत आदेश आमच्या हाती कधीच पडला नाही.

आम्ही काही जणांना साठलेली रजा वापरायला सांगितली, काहींना प्रशिक्षणात गुंतवले आणि बाकीच्यांचा पगार बँकेच्या कर्जमर्यादेतून काढला. नोकरी सोडून गेलेल्या दोघांच्या जागी माणसे मिळवणे फार अवघड आहे, कारण सरकारी पार्श्वभूमी तपासणी पूर्ण होईपर्यंत नव्या माणसाला यंत्रणेला हातही लावता येत नाही. शटडाउन संपल्यावर कामाच्या मुदती मात्र तशाच राहिल्या. वाया गेलेले आठवडे भरून काढण्यासाठी लोकांनी रात्री जागून काम केले आणि त्या जादा तासांचे पैसे कोण देणार, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

माझा पहिला आणि सर्वांत कळीचा प्रश्न असा आहे की, विधिवत आदेश नसताना केवळ फोन आणि ईमेल यांच्या आधारावर थांबलेल्या कामाचा खर्च मागता येतो का, आणि उपकंत्राटदाराने तो नेमका कोणाकडे मागायचा? माझ्या वाचनाप्रमाणे फेडरल खरेदी नियमावलीतील काम थांबवण्याच्या कलमाखाली, थांबा संपल्यापासून 30 दिवसांत हक्क सांगावा लागतो. आमच्या उपकंत्राटात हे कलम मुख्य कंत्राटातून 'खाली उतरले' आहे, पण तेथे मुदत त्याहून कमी लिहिली आहे. आम्ही मुदतीत पत्र दिले आहे, मात्र पत्राला पोच मिळण्यापलीकडे काही घडलेले नाही.

दुसरा प्रश्न पगाराचा आहे. लोकांना पूर्ण आठवडे घरी बसवावे, की सगळ्यांनी निम्मे-निम्मे दिवस काम करून थोडा तोटा वाटून घ्यावा? मला मनापासून दुसरा मार्ग पटतो, पण त्यात कामगार कायद्याची अडचण येते असे ऐकले आहे. आमच्याकडे एच-1बी व्हिसावरील एक सहकारीही आहेत आणि त्यांच्या बाबतीत कंपनीचे कर्तव्य वेगळे आहे का, हेही नेमके जाणून घ्यायचे आहे. तिसरे म्हणजे, पुढच्या उपकंत्राटावर सही करण्यापूर्वी आमच्यासारख्या लहान कंपनीने कोणत्या अटींवर अडून बसावे? सगळ्याच अटींसाठी भांडण्याइतके बळ आमच्याकडे नाही, त्यामुळे अनुभवी माणसांनी प्राधान्य सांगितले तर फार उपयोग होईल. आमचे वकील आहेत, परंतु त्यांच्यापुढे जाताना प्रश्न नेमके असावेत अशी माझी इच्छा आहे.

– उत्तररंग

---

प्रतिसाद: पोटोमॅककाठ

उत्तररंग, मी अनेक वर्षे सरकारी बाजूला कंत्राट विभागात काम केले आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहितो.

सरकारला बांधील करण्याचा अधिकार काँट्रॅक्टिंग ऑफिसरकडे असतो. रोज तुमच्याशी बोलणारा तांत्रिक प्रतिनिधी किंवा प्रकल्पाचा सरकारी व्यवस्थापक यांचा शब्द कितीही प्रामाणिक असला तरी त्याने कंत्राट बदलत नाही. म्हणून तुम्हाला घरी बसा असे सांगणारा ईमेल मुख्य कंत्राटदाराने स्वतःच्या मनाने पाठवला, की काँट्रॅक्टिंग ऑफिसरच्या सूचनेवरून, हे आधी शोधा आणि ती मूळ सूचना लेखी मागून घ्या. सूचना सरकारकडून आली असेल तर मथळ्यावर 'स्टॉप वर्क ऑर्डर' हे शब्द नसले तरी काम थांबवल्याचा युक्तिवाद करता येतो. ती मुख्य कंत्राटदाराचीच असेल, तर तुमचे मागणे सरकारकडे नसून त्याच्याकडे आहे.

दोन्ही परिस्थितींत सरकार आणि तुमची कंपनी यांच्यात थेट करार नाही, हे लक्षात ठेवा. 1978 च्या कंत्राट विवाद कायद्याखाली दावा मुख्य कंत्राटदारालाच करावा लागतो. तुमचा दावा तो स्वतःच्या नावाने पुढे नेतो. त्यासाठी आधी दाव्याऐवजी किंमत समायोजनाची विनंती करा, कारण तेथे भाषा वाटाघाटीची राहते आणि मुख्य कंत्राटदारालाही ती पुढे पाठवणे सोपे जाते. दावा 1 लाख डॉलरपेक्षा मोठा असेल तर त्याला प्रमाणपत्र जोडावे लागते.

विनंतीबरोबर काय जोडता यावर सगळे अवलंबून आहे. कोणता माणूस कोणत्या दिवशी कोणत्या कामाविना बसला होता, त्याला दुसरीकडे वळवण्याचा कोणता प्रयत्न झाला, पास बंद असल्याची नोंद कोठे आहे, हे टाइमशीटवर त्याच दिवशी लिहिलेले असेल तर तपासनीस ते मानतो. बसून राहिलेल्या माणसांसाठी टाइमशीटवर स्वतंत्र संकेतांक काढा. तुम्ही काही जणांना प्रशिक्षणात गुंतवले, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे, कारण नुकसान कमी करण्याचा प्रयत्न केला हे दाखवावेच लागते. कार्यालयाचे भाडे, प्रशासकीय खर्च वगैरे आयक्ले सूत्राने (थांबलेल्या काळातील अशा सामायिक खर्चाचा वाटा काढण्याच्या पद्धतीने) मिळवण्याच्या मागे मात्र सुरुवातीलाच लागू नका. त्यासाठीच्या अटी कठोर आहेत आणि त्या नादात थेट वेतनाचा सरळ मुद्दा मागे पडतो.

मुदतींबद्दल वेगळे सांगतो. काम थांबले तितके दिवस मुदत वाढवून मागणे आणि पैसे मागणे या दोन मागण्या आहेत. मुदतवाढ देणे अधिकाऱ्याला त्या मानाने सोपे असते. ती न मागता लोकांना रात्री जागवले, तर तो वेग तुम्ही स्वखुशीने वाढवला असे म्हटले जाऊ शकते. जादा तासांची सूचना कोणी दिली असेल तर तीही शोधून ठेवा.

---

प्रतिसाद: शेवंती

मी मनुष्यबळ विभागात आहे, म्हणून फक्त पगाराबद्दल लिहिते. ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलेल्या पगारदार कर्मचाऱ्याने आठवड्यात थोडेही काम केले, तर फेडरल कायद्याप्रमाणे त्याला सर्वसाधारणपणे त्या पूर्ण आठवड्याचा पगार द्यावा लागतो. त्यामुळे निम्म्या दिवसांची तुमची कल्पना अशा लोकांसाठी खर्च वाचवणार नाही. आळीपाळीने पूर्ण आठवडे घरी राहण्याची पद्धत ठेवा आणि त्या आठवड्यात ईमेलसुद्धा पाहायचे नाहीत असे लेखी कळवा. तोटा वाटून घेण्याचा तुमचा हेतू त्यातूनही साधतो. बेरोजगारी भत्त्याचा अर्ज करण्याची माहिती पहिल्याच दिवशी द्या. त्या आठवड्यांचा पगार पुढे मिळाला तर भत्ता परत करावा लागतो, हेही सांगा.

एच-1बीवरील सहकाऱ्यांना काम नाही म्हणून बिनपगारी बसवता येत नाही. काम नसल्याची जबाबदारी मालकाची धरली जाते. शिवाय 2013 आणि 2025 मध्ये श्रम विभागाचे संबंधित कामही थांबले होते, त्यामुळे त्या काळात व्हिसासाठी लागणारे नवे श्रम अर्ज पुढे सरकत नव्हते. त्यांच्या मुदतवाढीची तारीख सप्टेंबरच्या शेवटाजवळ येत असेल तर अर्ज आधीच करा.

---

प्रतिसाद: उत्तररंग

पोटोमॅककाठ आणि शेवंती, आपण दोघांनीही वेळ काढून इतके नेमके लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. मुख्य कंत्राटदाराकडे मूळ सूचनेची प्रत आजच लेखी मागितली आहे आणि मुदतवाढीची मागणी पैशांच्या मागणीपासून वेगळी करून पाठवणार आहे. आळीपाळीच्या आठवड्यांचा मसुदाही करायला घेतला आहे.

माझा तिसरा प्रश्न अजून उरला आहे. नव्या उपकंत्राटाच्या मसुद्यात 'मुख्य कंत्राटदाराला पैसे मिळाल्यावरच उपकंत्राटदाराला मिळतील' अशी अट आहे. सरकारकडून पैसे हाती आल्यावर लहान उपकंत्राटदारांना लवकर पैसे देण्याचे नियमावलीतील कलम त्यात घालून घेता आले, तरी शटडाउनमध्ये इनव्हॉइस मंजूर करणारा अधिकारीच जागेवर नसेल तर त्याचा आम्हाला उपयोग नाही. म्हणून आधीच झालेल्या कामाची रक्कम ठरावीक दिवसांत बिनशर्त द्यावी आणि हक्क सांगण्याची मुदत पूर्ण 30 दिवस असावी, या दोनच गोष्टींवर अडून बसावे असा माझा विचार आहे. एवढ्या लहान कंपनीचे असे म्हणणे मुख्य कंत्राटदाराने मान्य केल्याचा अनुभव कोणाला असेल, तर कोणत्या शब्दांत ते मांडले होते, हे कृपया लिहावे.