'जेंडर प्रायॉरिटीज'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या मंत्रालयांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मदतीविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करतो आहे. त्यात 'जेंडर प्रायॉरिटीज' हा प्रयोग वारंवार येतो. 'लिंगविषयक प्राधान्ये' असे लिहिले तर वाचकाला व्याकरण आठवेल अशी धास्ती वाटते. 'डोनर'साठी 'देणगीदार' चालेल का?

उत्तर : 'जेंडर'साठी 'लिंगभाव' घ्यावा, स्त्री-अभ्यासाच्या मराठी लेखनात तो पुरेसा रुळला आहे. अरबीतही अशीच ओढाताण आहे. 'जंदर' हा उसना शब्द बोलण्यात येतो, पण सरकारी कागदांत 'अन्-नौ अल्-इज्तिमाई', म्हणजे शब्दशः 'सामाजिक प्रकार', असा प्रयोग दिसतो आणि अनेक मंत्रालयांतील लिंगभाव कक्षांची नावेही त्यावरूनच पडली आहेत.

खरी अडचण 'प्रायॉरिटीज'ची आहे. इंग्रजीत ते अग्रक्रम कोणाचे हे न सांगताही भागते. मराठी वाक्य मात्र षष्ठीवाचून लंगडते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या पद्धतीनुसार मदत देणारे देश प्रत्येक प्रकल्पाला स्त्री-पुरुष समानतेच्या निकषावर 0, 1 किंवा 2 असा अंक देतात. समानता हे प्रकल्पाचे मुख्य उद्दिष्ट असेल तर 2, महत्त्वाचे पण दुय्यम असेल तर 1. प्राधिकरणाची कार्यालये असलेल्या रामल्लातील अधिकारी प्रस्ताव लिहिताना हा निकष डोळ्यांसमोर ठेवत असेल, तर त्या वाक्यातील 'अग्रक्रम' हा बराचसा 'अटी'च्या जवळ जातो.

तरीही सरसकट 'मदतदात्यांचे अग्रक्रम' असे लिहिणे अन्यायाचे होईल. पॅलेस्टिनी स्त्रियांचा सर्वसाधारण संघ 1965 मध्ये स्थापन झाला, प्राधिकरण 1994 मध्ये आले आणि महिला व्यवहार मंत्रालय तर 2003 मध्ये. बलात्काऱ्याने पीडितेशी विवाह केल्यास शिक्षेतून सुटका देणारे कलम 308 हे 1960 च्या जॉर्डेनियन दंडसंहितेतून पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँक) आले होते. ते 2018 मध्ये रद्द झाले, पण त्याविरुद्ध तेथील स्त्रीसंघटना त्याआधीपासूनच लढत होत्या. अशा ठिकाणी 'स्त्रीसंघटनांच्या मागण्या' हेच नेमके भाषांतर होय, मूळ इंग्रजीत काहीही असो.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत आहे, फक्त 'देणगीदार' शब्दाला माझी स्पष्ट हरकत आहे. शाळेच्या भिंतीवरील संगमरवरी पाटीवर ज्यांची नावे असतात ते देणगीदार. त्यांच्याशी दर तिमाहीला अहवालाचा संबंध येत नाही. येथे 'अर्थसाहाय्य करणारे देश व संस्था' असे सविस्तर लिहावे आणि पुढे 'साहाय्यक देश' वापरावे. 'स्वतःचा निधी' हा प्रयोगही जपून करावा, कारण इस्रायलशी झालेल्या 1994 च्या पॅरिस आर्थिक करारानुसार प्राधिकरणाच्या महसुलाचा मोठा भाग इस्रायल गोळा करून हस्तांतरित करतो आणि तो वेळोवेळी अडवलाही गेला आहे. वेतनच रखडते तेव्हा लिंगभावाचे काम परकीय प्रकल्पांच्या पैशावर आणखी विसंबते, हे वाचकाला कळले पाहिजे.

जाता जाता 'मेनस्ट्रीमिंग'विषयी. अरबीत त्यासाठी 'तअमीम' हा शब्दही वापरतात आणि त्याचा रोजचा कार्यालयीन अर्थ 'परिपत्रक' असाही होतो. मराठीत 'मुख्यप्रवाहीकरण' असे जडजंबाल नाम घडवण्यापेक्षा 'प्रत्येक विभागाच्या कामात लिंगभावाचा विचार' असे लिहावे.

प्रश्नकर्त्याला पुरवणी : 'सीडॉ' या स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात पॅलेस्टाइन 2014 मध्ये कोणत्याही कलमाला अपवाद न नोंदवता सामील झाले, मात्र आंतरराष्ट्रीय करार राष्ट्रीय, धार्मिक व सांस्कृतिक अस्मितेशी सुसंगत असतील तरच लागू होतील, असे तेथील सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने 2017 मध्ये ठरवले. आपल्या लेखात या कराराच्या संदर्भात 'कमिटमेंट' आला असेल, तर 'बांधिलकी' न लिहिता 'स्वीकारलेले दायित्व' लिहावे. बांधिलकी मनाची असते. दायित्व कागदावर असते आणि ते पाळले की नाही हे विचारता येते.