शब्दचर्चा : हिब्रू ‘येसोद’ म्हणजे दरवेळी पायाच का?

प्रश्न : बायबल अभ्यासगटासाठी टिपण लिहितो आहे. हिब्रू ‘येसोद’चा अर्थ कोशात ‘पाया’ दिला आहे. पण लेवीय ४:७ मध्ये गोऱ्ह्याचे रक्त होमवेदीच्या येसोदाशी ओतायला सांगितले आहे. पाया तर जमिनीखाली असतो. मग रक्त ओतायचे कुठे?

उत्तर : शंका रास्त आहे. निर्गमच्या २७व्या अध्यायात ही वेदी कशी बनवायची ते दिले आहे. बाभळीच्या लाकडाची, आतून पोकळ, पितळेने मढवलेली, पाच हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच. कड्यांत दांडे घालून ती उचलून न्यायची. मुक्काम हलला की वेदीही हलणार, तेव्हा तिला खणून घातलेला पाया असणे शक्यच नाही. इथे येसोद म्हणजे वेदीचे बूड, तळाचा भाग.

पुढे यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिरातली वेदी दगडी होती, तिचे वर्णन मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातल्या ‘मिद्दोत’ या भागात सापडते. तळ ३२ हात लांब-रुंद. एक हात वर आल्यावर बांधकाम चहूबाजूंनी एकेक हात आत घेतलेले. त्या खालच्या थराचे नावच येसोद. त्याचा कट्टा उत्तरेला आणि पश्चिमेला पूर्ण लांबीचा होता, दक्षिणेला आणि पूर्वेला मात्र एकेक हातच. नैर्ऋत्य कोपऱ्यात नाकपुड्यांसारखी दोन बारीक भोके होती. येसोदावर ओतलेले रक्त त्यांतून खाली पन्हळीत उतरे आणि किद्रोन ओढ्याला जाऊन मिळे. म्हणजे हा येसोद डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा होता. आपल्याकडचे बांधकामवाले याला जोते म्हणतील. तुमच्या टिपणात ‘वेदीच्या तळाशी’ किंवा ‘जोत्याशी’ लिहा, वाचणारा अडखळणार नाही.

जमिनीखालचा पायाही या शब्दात आहेच. मीखा १:६ मध्ये शोमरोन नगरीचे दगड दरीत लोटून तिचे येसोद उघडे पाडण्याची धमकी आहे. यहेज्केल १३:१४ मध्ये चुना फासलेली भिंत कोसळते आणि तिचा येसोद उघडा पडतो. स्तोत्र १३७:७ मध्ये अदोमी लोक यरुशलेमबद्दल ‘आरू, आरू’ असे ओरडतात, म्हणजे उघडे करा, नागवे करा, आणि तेही येसोदापर्यंत. तिन्हीकडे झाकलेले उघडे पडणे हाच नाशाचा पुरावा आहे, त्यामुळे इथे ‘पाया’ चपखल बसतो. सोबतचे क्रियापद पाहायची सवय लावून घ्या. ओतणे आले की जोते, उघडे पाडणे आले की पाया.

दुसरी शंका : एज्रा ३ मध्ये बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक मंदिराचा पाया घालतात. मग हाग्गय २:१८ मध्ये पर्शियाच्या दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५२० मध्ये, पुन्हा पाया घातल्याचा दिवस कसा येतो?

उत्तर : दोन्हीकडे क्रियापद ‘यासद’ आहे, येसोद त्याच धातूचा. आपण ‘पाया घालणे’ म्हणतो तेव्हा ते एकदाच होणारे काम असते. ‘यासद’ला ती अट नाही. २ इतिहास २४:२७ पाहा. योवाश राजाच्या काळात शलमोनाचे मंदिर उभेच होते. त्याने गवंडी, सुतार, लोखंड-पितळेचे कारागीर लावून डागडुजी करवली, आणि या कामाला मूळ हिब्रूत ‘देवाच्या घराचा येसोद’ म्हटले आहे. तिथे ‘जीर्णोद्धार’ हाच शब्द योग्य. हाग्गयच्या वेळी रखडलेले काम पुन्हा हाती घेतले गेले, तेव्हा त्यालाही यासद म्हणायला काहीच हरकत नव्हती. एज्रा ३:१० मधल्या प्रसंगाला मात्र मी बेलाशक ‘पायाभरणी’ म्हणेन. याजक कर्णे घेऊन उभे, मंदिरसेवक लेवी झांजा वाजवताहेत, आणि पहिले मंदिर पाहिलेली म्हातारी माणसे मोठ्याने रडताहेत. आनंदाचा आवाज कुठला आणि रडण्याचा कुठला, हे लोकांना ओळखू येईना, असे पुढे लिहिले आहे. ही ओळ टिपणातून गाळू नका.

एस्तेर १:८ मध्ये हेच क्रियापद राजाने कारभाऱ्यांना ठरवून दिलेल्या शिस्तीसाठी येते. तिथे ना दगड, ना चुना.

एक सावधगिरी. २ इतिहास २३:५ मध्ये ‘येसोदाचे द्वार’ आहे, तर २ राजे ११:६ मध्ये त्याच प्रसंगात ‘सूर द्वार’. हिब्रूत ‘द’ आणि ‘र’ ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात, त्यामुळे नक्कल करताना घोटाळा झाला असण्याची शक्यता मोठी आहे. या द्वारावरून अर्थाचे इमले बांधू नयेत.

तिसरी शंका : इस्राएलच्या ‘मोसाद’ या गुप्तहेर संस्थेचे नाव याच धातूचे का?

उत्तर : हो. आजच्या हिब्रूत ‘मोसाद’ म्हणजे कुठलीही संस्था. प्राथमिक शाळेला ‘बेत सेफर येसोदी’ म्हणतात आणि रसायनशास्त्रातले मूलद्रव्यही ‘येसोद’च. पण हे अर्थ लेवीय वाचताना मागे नेऊन लावू नका. नीतिसूत्रे १०:२५ मध्ये वादळ गेल्यावर दुष्ट नाहीसा होतो आणि नीतिमान ‘येसोद ओलाम’ ठरतो, तिथे ‘कायमचा पाया’ एवढेच लिहा.