तातडीने मदत हवी: एककं बदलली की उत्तर चुकतंच

घाईत_आहे
एकक बदलायचं गणित आहे. मितीय विश्लेषणानेच, म्हणजे एककं लिहून ती उडवत, करायचंय. तीनदा तपासलं, सगळं बरोबर आहे, तरी पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. पुस्तकातलंच चुकलंय का? उद्या परीक्षा आहे, प्लीज लवकर सांगा.

जुना_खडू
गणित कुठलं? तुमचं उत्तर किती, पुस्तकातलं किती? तुमची वही आम्हाला दिसत नाहीये.

मनमोकळी
शिडी वापर. किलो, हेक्टो, डेका, मूळ एकक, डेसी, सेंटी, मिली. जितक्या पायऱ्या उतरशील तितकी घरं दशांशचिन्ह उजवीकडे. मी शाळेपासून हेच करते, एकदाही चुकले नाही.

पाऊणशहाणा
ताशी किलोमीटरचं मीटर प्रति सेकंद करायचं ना? ५/१८ ने गुणा. ७२ चे २०. विषय संपला.

घाईत_आहे
वेगाचं नाहीये हो! घनतेचं आहे. ७.८५ दिलंय, माझं ०.७८५ येतंय.

जुना_खडू
७.८५ काय? एककाचं गणित विचारताय आणि एककच खाऊन टाकताय.

घाईत_आहे
ग्रॅम प्रति घन सेंमी. त्याचं किलो प्रति घनमीटर करायचंय. १००० ग्रॅमचा किलो म्हणून भागिले १०००. १०० सेंमीचा मीटर म्हणून गुणिले १००. यात चुकलं काय?

मनमोकळी
ग्रॅम ते किलो तीन पायऱ्या, सेंमी ते मीटर दोन, ते छेदात आहे म्हणून उलट्या. ०.७८५ बरोबर आहे. पुस्तकच चुकलंय.

जुना_खडू
ताई, थांबा. छेदात सेंमी नाही, घन सेंमी आहे. नुसते आकडे गुणत बसलं की हे होतं. गुणक एककासकट, अपूर्णांक करून लिहा:

७.८५ ग्रॅम/सेंमी³ × (१ किग्रॅ / १००० ग्रॅम) × (१०० सेंमी / १ मी)³

प्रत्येक कंसात वर आणि खाली एकच माप आहे, म्हणजे कंसाची किंमत १. त्यामुळे असे कितीही कंस गुणा, घनता बदलत नाही, फक्त तिचा पेहराव बदलतो. आता एककं उडवत चला. तुम्ही शेवटचा कंस एकदाच घेतलात, म्हणून छेदात 'सेंमी² मी' असलं काहीतरी उरलं. ते लिहिलं असतंत तर लगेच दिसलं असतं. कंस तीनदा घेतला की १०,००,०००. त्याला १००० ने भागा, ७.८५ ने गुणा: ७८५० किग्रॅ/मी³.

मनमोकळी
अगं बाई, खरंच की. घनाला प्रत्येक पायरीला तीन घरं. म्हणजे शिडी बरोबरच आहे, मी घरं कमी सरकवली.

एककवेडा
मुळात याला मितीय विश्लेषण म्हणू नये. ते म्हणजे सूत्राच्या दोन्ही बाजूंच्या मिती (वस्तुमान, लांबी, वेळ यांचे घात) जुळतात का ते बघणं. इथे 'किग्रॅ प्रति सेंमी² मी' ची मितीसुद्धा वस्तुमान भागिले लांबीचा घन अशीच आहे. मिती तपासून ही चूक सापडलीच नसती! सापडली ती एककं उडवल्यामुळे.

जुना_खडू
मुद्दा मान्य. पण बरेच जण दोन्हीला एकच नाव देतात. परीक्षा होऊ दे, मग नावावरून भांडू.

पाऊणशहाणा
अवांतर: १९८३ मध्ये एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधन संपून हवेतच बंद पडलं होतं. लीटरचे किलो करायला १.७७ ने गुणलं. तो आकडा पौंड प्रति लीटरचा, किलोसाठी साधारण ०.८ हवा होता. विमान तरंगत गिमलीला उतरवलं, सगळे वाचले. १.७७ पुढे कुणी 'पौंड' लिहिलं असतं तर?

शून्य_केल्विन
सेल्सिअसचं केल्विन मात्र असं गुणून होत नाही, २७३.१५ मिळवावे लागतात. लक्षात ठेवा.

घाईत_आहे
तापमान कुणी विचारलंय? ७८५० आलं माझं. पण पुस्तकात ३१.४ आहे!!!

जुना_खडू
३१.४ काय??

घाईत_आहे
किलो. २ मीटर लांब, ५० सेंमी रुंद, ४ मिमी जाड पोलादी पत्र्याचं वस्तुमान. सांगितलं नव्हतं का? आधी माझं ०.००३१४ येत होतं.

जुना_खडू
नाही, सांगितलं नव्हतं. आणि दोन मीटरचा पोलादी पत्रा तीन ग्रॅमचा? फुंकर मारली तर उडेल तो. संशय तिथेच यायला हवा होता. २ × ०.५ × ०.००४ = ०.००४ मी³. आता ७८५० ने गुणा.

घाईत_आहे
३१.४! आलं, आलं. थँक्यू सर. आता पुढचं टाकतो, त्याचंही उत्तर जुळत नाहीये.

जुना_खडू
एककासकट टाका.